कार्ब्युरेटर व एअरबॉक्सची जोडणी

कार्ब्युरेटर व एअरबॉक्सची जोडणी हा मोटारसायकलच्या इंजिनाला हवा पुरविणाऱ्या मार्गाचा एक भाग आहे. हवा गाळणारा फिल्टर ज्या पेटीत बसविलेला असतो, तिला एअरबॉक्स म्हणतात. कार्ब्युरेटर एका बाजूने एअरबॉक्सला व दुसऱ्या बाजूने इंजिनाला रबरी नळ्यांनी जोडलेला असतो. जुन्या मोटारसायकलींमध्ये या नळ्यांचे रबर कडक होते, आकसते व त्यास तडे जातात. त्यामुळे सफाईसाठी काढलेला कार्ब्युरेटर पुन्हा बसविणे अवघड होते.

रचना व कार्य

फिल्टरमधून गाळलेली हवा कार्ब्युरेटरमध्ये येते, तेथे तिच्यात पेट्रोल मिसळते आणि हे मिश्रण सिलिंडरमध्ये जाते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १ भाग पेट्रोलमागे सुमारे १४.७ भाग हवा लागते. एअरबॉक्समुळे हवेला होणारा अवरोध गृहीत धरूनच कार्ब्युरेटरमधील जेटचे आकार ठरविलेले असतात. म्हणून एअरबॉक्स केवळ धूळ अडविणारी पेटी नसून मिश्रणाचे प्रमाण राखणाऱ्या यंत्रणेचा भाग आहे.

एका सिलिंडरच्या मोटारसायकलमध्ये एकच कार्ब्युरेटर असल्याने जोडणी तुलनेने सोपी असते. इ.स. १९६९ मध्ये विक्रीस आलेल्या होंडा सीबी ७५० या चार सिलिंडरच्या मोटारसायकलमध्ये मात्र चार कार्ब्युरेटर एका रांगेत असतात. अशा रांगेची पुढची व मागची मिळून आठ तोंडे नळ्यांमध्ये नीट बसवावी लागतात.

सदोष जोडणीचे परिणाम

इंजिनाकडील जोडात फट राहिल्यास जास्तीची हवा आत ओढली जाते व मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण कमी पडते. इंजिन उभ्या गाडीत अस्थिर चालते, थ्रॉटल सोडल्यावर त्याचा वेग लवकर उतरत नाही आणि स्पार्क प्लगचे टोक पांढरट दिसते. अशा स्थितीत गाडी दीर्घकाळ वेगाने चालविल्यास इंजिन अतिशय तापते. दोन स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन सिलिंडरमध्ये अडकण्याचा, म्हणजेच इंजिन सीझ होण्याचा, धोका विशेष असतो.

एअरबॉक्सकडील फट लगेच लक्षात येत नाही. तिच्यातून न गाळलेली धूळ आत जाऊन पिस्टन रिंग व सिलिंडर झिजतात.

निदान

इंजिन संथ चालू ठेवून इंजिनाकडील जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारतात. इंजिनाच्या आवाजात किंवा वेगात फरक पडल्यास तेथे फट असल्याचे समजते. ज्वलनशील द्रवाचा फवारा तापलेल्या इंजिनावर पेट घेऊ शकतो. नळ्या काढून हाताने वाकविल्यास बारीक तडेही दिसतात.

जोडणीची पद्धत

अनेक मोटारसायकलींमध्ये एअरबॉक्सचे बोल्ट काढून तो मागे सरकविता येतो, त्यामुळे कार्ब्युरेटरसाठी जागा होते. कडक रबर गरम पाण्यात ठेवल्यास काही काळ मऊ होते. नळीच्या आतील कडेस साबणाचे पाणी किंवा सिलिकॉनचा पातळ थर लावतात. ग्रीस किंवा इंजिन ऑइलमुळे काही प्रकारचे रबर फुगते. सामान्यतः कार्ब्युरेटर प्रथम इंजिनाकडील नळ्यांत बसवून नंतर एअरबॉक्स पुढे आणतात. क्लॅम्प आवळण्यापूर्वी नळीची कड कोठेही आत दुमडलेली नाही, हे पाहणे आवश्यक असते. पद्धत योग्य असूनही नळ्या बसत नसतील, तर त्या बदलणे हाच टिकाऊ उपाय ठरतो.

एअरबॉक्स काढून टाकणे

जोडणीचा त्रास टाळण्यासाठी काही वाहनधारक एअरबॉक्स काढून प्रत्येक कार्ब्युरेटरवर स्वतंत्र फिल्टर बसवितात. त्यामुळे अवरोध बदलतो व जेट नव्याने निवडावे लागतात. पडदा व निर्वात दाबावर चालणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये या बदलाचा परिणाम अधिक जाणवतो आणि मध्यम वेगात इंजिन अडखळू शकते.