न हललेला माल

खरं सांगतो, लेखक पुस्तकांच्या दुकानात शिरला की आधी स्वतःचंच पुस्तक शोधतो. परवा एका मॉलमधल्या भल्यामोठ्या दालनात मी तेच केलं. काउंटरवरच्या मुलानं संगणकात पाहिलं आणि नम्रपणे म्हणाला, ‘‘स्टॉक नाही, सर.’’ त्याचं काही चुकलं नव्हतं. पण मला एक जुना पुस्तकविक्रेता आठवला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही.

बँकेतली माझी सुरुवातीची वर्षं फोर्टात गेली. दुपारचा डबा दहा मिनिटांत संपवून ‘स्ट्रँड’ गाठायचं, हा शिरस्ता. टी. एन. शानभागांनी १९४८ साली कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात स्टॉल मांडला, त्याचंच पुढे हे दुकान झालं. जागा बेताची, सूट घसघशीत. १९९२ मध्ये मुंबईत ‘क्रॉसवर्ड’ निघालं तेव्हा मीही हरखलो होतो, हे कबूल करतो. गार हवा, ऐसपैस जागा, ‘घेणार आहात का?’ असं विचारणारं कुणी नाही. माझी लेक तिथे फरशीवर फतकल मारून वाचत बसे.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी मी उपनगरातल्या शाखेचा व्यवस्थापक होतो. स्टेशनजवळचा एक पुस्तकविक्रेता कॅश क्रेडिटसाठी अर्ज घेऊन आला. माझ्या पहिल्या कादंबरीच्या पाच प्रती या माणसानं रोख पैसे मोजून घेतल्या होत्या. मी त्याच्या दुकानात तपासणीला गेलो. वर्षभर न हललेला माल आम्ही तारणात जमेस धरत नसू. आणि त्याच्या दुकानाची खरी शान तोच माल होता! संतवाङ्मय, कोश, नाटकांची जुनी पुस्तकं. कधीतरी एखादा विद्यार्थी शोधत येईल म्हणून जपलेली.

धंद्याचं गणित मला कळत होतं. मोठ्या दुकानाला प्रकाशक कमिशन जास्त देतात, न खपलेला माल परत घेतात. शिवाय खेळणी नि भेटवस्तू भाड्याचा भार उचलतात. छोट्याच्या गळ्यात मात्र न खपलेलं पुस्तक बहुधा कायमचं पडतं. हे सगळं ठाऊक असूनच मी अर्ज नामंजूर केला. नियमानं माझं बरोबर होतं. त्या रात्री जेवण गेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

दोनेक वर्षांत ते दुकान बंद झालं. पुढे पुण्याचं ‘मॅनीज’ २०१२ मध्ये आणि खुद्द ‘स्ट्रँड’ २०१८ मध्ये मिटलं, तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळ व्यक्त केली. याच्या दुकानाची बातमी कोण छापणार?

आवराआवर चालू असताना तो शाखेत आला. वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं त्यानं टेबलावर ठेवलं. आत माझ्या कादंबरीच्या उरलेल्या दोन प्रती होत्या.

‘‘न हललेला माल, साहेब,’’ तो हसून म्हणाला. मी पाकीट काढलं. त्यानं हात जोडले आणि पैसे न घेताच निघून गेला.