दोन रांगांची एक रांग

नाशिकरोडहून सीबीएसकडे निघालेल्या शहर बसमध्ये आम्ही चालकाच्या मागच्याच बाकावर बसलो होतो. द्वारका चौक जवळ आला तशी बस मुंगीच्या गतीने सरकू लागली. येथे पुणे रस्ता मुंबई-आग्रा महामार्गाला मिळतो. डावीकडून रिक्षा, उजवीकडून टेम्पो आणि मधल्या फटीतून स्कूटर असे सगळेच बसच्या नाकासमोर शिरत होते.

"काका, रोज असंच असतं का?" आम्ही विचारले.

"रोजच! रस्ता कुठं अरुंद होतो ते बऱ्याच ठिकाणी समोर आल्यावरच कळतं. आत शिरलो तर लोक शिव्या देतात, थांबलो तर मागचे हॉर्न वाजवतात. आणि काही घासलं, की चूक बसवाल्याची."

खरेच चूक कोणाची? थोडे गणित करून पाहू.

पुढच्या-मागच्या दोन वाहनांत सुरक्षिततेसाठी साधारण दोन सेकंदांचे अंतर असावे लागते. म्हणजे एका रांगेतून मिनिटाला जास्तीत जास्त ३० वाहने जातील. समजा, दोन रांगांतून मिनिटाला प्रत्येकी २० वाहने येत आहेत. दोन्ही रांगा मोकळ्या वाटतील. पण पुढे एकच रांग उरली, तर येणार ४० आणि जाणार ३०. दर मिनिटाला १० वाहने मागे तुंबतील. दहा मिनिटांत १००! एका वाहनाला सहा मीटर जागा धरली, तर दोन रांगा मिळून ३०० मीटर रस्ता भरला.

आता घुसाघुसी सुरू झाली, की प्रत्येक जण बिचकतो, ब्रेक दाबतो. दोन सेकंदांचे अंतर तीन सेकंदांवर जाते. मग मिनिटाला ३० ऐवजी २०च वाहने सुटतात आणि तीच रांग दहा मिनिटांत ६०० मीटर होते. रस्ता तेवढाच, वाहने तेवढीच. क्रम बिघडला एवढेच.

यावरचा उपाय मुलांच्या दप्तरालाच असतो. दप्तराची चेन लावताना एक दात डावीकडचा, एक उजवीकडचा असा क्रमाने अडकतो. जर्मनीच्या वाहतूक नियमांत या पद्धतीला चेनचेच नाव आहे. दोन्ही रांगांनी अरुंद जागेपर्यंत यायचे आणि तिथे एकाआड एक पुढे जायचे.

काकांना हे सांगितले, तेव्हा ते हसले. "पण आधी दोन रांगा तर दिसू द्या!" त्यांचे म्हणणे योग्य आहे. चेनचे दात आखलेले असतात. रस्त्यावर पट्टे नसतील, पाटी नसेल आणि रुंदी एकदम कमी होत असेल, तर क्रम लागणार कसा? ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी बस सेकंदाला ११ मीटर पुढे जाते. आरसा पाहणे, दिवा लावणे, मागच्याने साईड दिली का ते पाहणे यात चार सेकंद गेले, तर ४४ मीटर संपले. रस्ता १५ मीटरांतच निमुळता होत असेल, तर कुशल चालकही काय करणार?

बसची आणखी एक अडचण आहे. वळताना तिचे मागचे चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग जात नाही. ते आत कापते. किती, ते पायथागोरस सांगतो. समजा, पुढचे चाक १२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरते आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांत सहा मीटर अंतर आहे. १४४ मधून ३६ वजा केले, १०८ उरले. त्याचे वर्गमूळ सुमारे १०.४. म्हणजे मागचे चाक १.६ मीटर आतून जाते. एवढ्या जागेत एक स्कूटर सहज मावते आणि नेमकी तिथेच ती असते! चालकाला आरशात ती दिसेलच असे नाही. वळणाची रुंदी ठरवताना हे १.६ मीटर धरले नाहीत, तर किंमत स्कूटरवाला मोजतो.

कोंडीसाठी रस्ता अरुंद असावाच लागतो असेही नाही. २००८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ मोटारी एकाच वेगाने चालवायला सांगितल्या होत्या. अडथळा काहीच नव्हता. तरी वेगातल्या बारीकसारीक फरकांतून कोंडी झाली आणि लाटेसारखी मागे मागे सरकत गेली. मग जिथे प्रत्येकाला ब्रेक दाबावाच लागतो, तिथे काय होत असेल!

८ ऑक्टोबर २०२२च्या पहाटे नाशिकमध्येच औरंगाबाद रस्त्यावरील एका चौकात खासगी बस व मालवाहू वाहन यांची धडक झाली. बसला आग लागून बारा जणांचे प्राण गेले. अशा वेळी आपण पहिला प्रश्न विचारतो, 'चूक कोणाची?' तो विचारायलाच हवा. पण दुसराही विचारायला हवा, 'इथेच का?' केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राष्ट्रीय महामार्गांसाठी 'अपघातप्रवण ठिकाणा'ची व्याख्या केली आहे. सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा एकूण दहा मृत्यू झाले, तर ते ठिकाण तसे मानतात. चालक रोज बदलतात, जागा बदलत नाही. मग अपघात तिथेच पुन्हा पुन्हा होत असतील, तर दोष जागेतही शोधायला हवा.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. मैदानावर खडूने दोन वाटा आखा, पुढे त्यांची एक करा. चाळीस मुले दोन रांगांत चालू द्या. एकदा मनाला येईल तसे, एकदा एकाआड एक. दोन्ही वेळा घड्याळ लावा. मग वाट एकदम अरुंद न करता हळूहळू निमुळती करून पाहा. जमल्यास शाळेजवळच्या चौकात फुटपाथवर सुरक्षित उभे राहून एका मिनिटात किती वाहने येतात, किती सुटतात ते मुलांकडून मोजून घ्या.

सीबीएसला उतरताना काका म्हणाले, "मोजाच तुम्ही. आमचं सांगणं म्हणजे तक्रार. आकडा असला तर कोणी ऐकेल."