उभ्या पिकात बांध
(लेखमाला : घरातला संगणक, भाग 9)

दिवाळीच्या सुट्टीत बहिणीचा मुलगा पुण्याहून मुरूमला आला तो नवा लॅपटॉप घेऊनच. चहा व्हायच्या आत त्यानं तो उघडून माझ्यापुढे ठेवला. "मामा, ह्याला डी ड्राइव्हच नाही की! नुसता सी. दुकानदारानं फसवलं का हो?"

फसवलं नव्हतं. हल्ली बहुतेक लॅपटॉप असेच येतात. विंडोज आधीच घातलेलं असतं आणि वापरायची सगळी जागा एकट्या सीच्या नावावर असते. खोक्यावर 512 जीबी लिहिलेलं आणि पडद्यावर 476च दिसतात, हाही त्याचा संशय होता. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024च्या. धान्य तेवढंच, पायली वेगळी.

पण डी हवा कशाला? याचं उत्तर मी अनुभवानं देतो. चार वर्षांपूर्वी माझं विंडोज बसलं, चालूच होईना. दुरुस्तीला नेलं. त्या माणसानं सी फॉरमॅट करून नवं विंडोज टाकलं आणि संध्याकाळी हसतमुखानं मशीन परत दिलं. माझ्या शेताच्या मोजणीचे कागद, वडिलांचे फोटो, या लेखमालेचे पहिले खर्डे असं सगळं डेस्कटॉपवर होतं. डेस्कटॉप म्हणजे आपल्याला टेबल वाटतं, पण ते टेबल सीच्याच खोलीत असतं. खोली धुतली, टेबलावरचंही वाहून गेलं. तेच सामान डीवर असतं तर विंडोज दहादा बदललं तरी त्याला धक्का लागला नसता.

मोकळ्या रानात आधी बांध घालून मग पेरणी करणं सोपं. विंडोज आधीच बसलेलं असताना वाटणी करायची म्हणजे उभ्या पिकात बांध घालायचा. विंडोज एक्सपीच्या काळात हे घरच्या अवजारांनी होत नसे. 'पार्टिशन मॅजिक'सारखी सॉफ्टवेअर आणावी लागत, आणि मध्येच वीज गेली तर देवाचं नाव घ्यावं लागे. 2007 साली व्हिस्टा आलं, त्यात सी आक्रसून घेण्याची सोय विंडोजमध्येच मिळाली. ती आजही तिथेच आहे. स्टार्टच्या बटणावर माउसची उजवी कळ दाबा आणि 'डिस्क मॅनेजमेंट' निवडा. खाली डिस्कची आडवी पट्टी दिसेल. तिच्यात सीवर पुन्हा उजवी कळ, मग 'श्रिंक व्हॉल्यूम'.

आम्ही ते केलं आणि तिथंच अडलो. सीमध्ये साडेतीनशे जीबीच्या वर जागा रिकामी होती, पण विंडोज म्हणालं, जास्तीत जास्त चाळीस काढून देतो. भाच्याच्या चेहऱ्यावर पुन्हा दुकानदार दिसायला लागला.

या ठिकाणी बरेच जण नाद सोडतात, म्हणून जरा थांबू. सी आक्रसतो तो नेहमी शेपटीकडून. पट्टीचं उजवं टोक आत सरकतं. त्या टोकाकडे ज्या फायली असतील त्या विंडोज उचलून अलीकडच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवतं. पण काही फायली चालू विंडोजच्या पायाखालच्या असतात, त्या त्याला उचलता येत नाहीत. लॅपटॉप गाढ झोपवताना मेमरी जिच्यात ओतली जाते ती हायबरनेशनची फाइल, मेमरी कमी पडली की वापरायची पेज फाइल, सिस्टिम रिस्टोअरच्या जुन्या प्रती आणि एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या फायली मांडून ठेवण्याच्या पद्धतीची, स्वतःची खतावणी, या त्या फायली. यांतली एक जरी पट्टीच्या पार पलीकडे जाऊन बसली असेल, तर अलीकडे कितीही रान मोकळं असो, कुदळ मुरमाला लागावी तसं काम तिथंच थांबतं. किती जागा मोकळी आहे यापेक्षा शेवटची अडून बसलेली फाइल कुठे आहे, यावर सगळं ठरतं.

ती फाइल कोणती हे विंडोज लिहूनही ठेवतं. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडायचा, 'विंडोज लॉग्ज'मधल्या 'ॲप्लिकेशन' नोंदींत 259 क्रमांकाची नोंद शोधायची. तिच्यात न हलणाऱ्या शेवटच्या फाइलचं नाव दिलेलं असतं. आमच्या नोंदीत हायबरनेशनच्या फाइलचं नाव निघालं. प्रशासकाच्या अधिकारानं कमांड प्रॉम्प्ट उघडून एका ओळीत हायबरनेशन बंद केलं की ती फाइल आपोआप पुसली जाते. पेज फाइल आणि सिस्टिम रिस्टोअरही तात्पुरते बंद केले, मशीन पुन्हा चालू केलं. (रिस्टोअर बंद करताना जुने रिस्टोअर पॉइंट जातात, हे माहीत असू द्या. आणि काम झालं की तिन्ही परत चालू करा. लोक नेमकं हेच विसरतात.) पुन्हा विचारल्यावर विंडोज दोनशेच्याही वर द्यायला तयार झालं.

आता आकडा. चौकटीत तो एमबीत भरायचा असतो. भाच्यानं झटक्यात 200000 टाइप केलं. त्यानं 195.31 जीबीचा डी झाला असता. नेमके 200 हवे असतील तर 200 गुणिले 1024, म्हणजे 204800. काही बिघडत नाही, पण रोज नजरेसमोर येणारा आकडा नीट असलेला बरा.

अर्ध्या मिनिटात पट्टीवर सीच्या उजवीकडे काळ्या मथळ्याचा तुकडा उमटला. त्याला विंडोज 'अनअलोकेटेड' म्हणतं, म्हणजे जागा आहे पण कुणाच्या नावावर नाही. त्यावर उजवी कळ, 'न्यू सिंपल व्हॉल्यूम', पुढे पुढे जात एनटीएफएस निवडायचं. अक्षर डी मिळेल. पेन ड्राइव्ह लावलेला असेल तर तो डी बळकावून बसलेला असतो, आधी काढून ठेवा. ए आणि बी कुठे गेले, हे मुलं हमखास विचारतात. ती अक्षरं दोन फ्लॉपींसाठी राखलेली होती. फ्लॉप्या गेल्या, राखीव जागा राहिली.

त्याच पट्टीत अगदी उजवीकडे आणखी एक छोटा तुकडा दिसतो, 'रिकव्हरी पार्टिशन'. त्याला हात लावू नका. विंडोज कोसळलं तर दुरुस्तीची हत्यारं तिथे असतात. जानेवारी 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10साठी एक सुरक्षा अपडेट सोडलं. ते या तुकड्यात बसवायचं होतं, आणि जगभर असंख्य संगणकांत तिथे पुरेशी मोकळी जागाच नव्हती. अपडेट पुन्हा पुन्हा आपटत राहिलं. शेवटी कंपनीनंच साध्या वापरणाऱ्यांना सांगितलं की सी 250 एमबीनं आक्रसा आणि रिकव्हरीचा तुकडा मोठा करा. म्हणजे ज्यांनी आयुष्यात डिस्क मॅनेजमेंट पाहिलं नव्हतं, त्यांच्या हातीही वाटणीची दोरी आली.

सगळ्यात चकित करणारी गोष्ट म्हणजे ही वाटणी नोंदवायला लागणारी जागा. जुन्या एमबीआर पद्धतीत, जी 1983च्या डॉस 2.0 बरोबर आली, डिस्कच्या अगदी पहिल्या 512 बाइटांपैकी फक्त 64 बाइट वाटणीला दिले आहेत. चार वाटण्या, प्रत्येकीला 16 बाइट. पाचवा वाटेकरी आला की पंचाईत. आताच्या जीपीटीत 128 नोंदींची सोय असते, शिवाय वाटणीच्या या नोंदवहीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. पण तत्त्व तेच, जागा हलत नाही, नोंद बदलते. आमच्या जिल्ह्याचंच बघा. 16 ऑगस्ट 1982 रोजी उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर वेगळा झाला. औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर तिकडे गेले, उमरगा तालुका आणि त्यातलं आमचं मुरूम इकडेच राहिलं. एकही विहीर, एकही वेस जागची हलली नाही. नकाशावरची रेघ सरकली आणि दफ्तरं गेली. पार्टिशन तयार करणं किंवा पुसणं हे इतकंच असतं, वहीतली नोंद. म्हणूनच चुकून पार्टिशन उडालं तर घाबरून नवीन काही करू नका. 'टेस्टडिस्क'सारखं फुकट सॉफ्टवेअर जुन्या खुणा शोधून नोंद पुन्हा उभी करू शकतं. फॉरमॅट मात्र चुकूनही करू नका. एसएसडीवर फॉरमॅट होताच विंडोज डिस्कला 'ही जागा मोकळी झाली' असं कळवून टाकतं, मग आशा फारशी उरत नाही.

धोका आहे तो नोंदीत नाही, फायली हलवण्यात. म्हणून चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली, दोन्ही. आमच्याकडे भारनियमनाचं वेळापत्रक असतं आणि वीज त्याच्या बाहेरही जाते. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय हे काम हातीच घेऊ नका. डिस्कला कुलूप घालणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा. आणि सुरुवातीलाच मोलाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर. भाच्याचे फोटो मी कामाआधी कॉपी करून घेतले, तेव्हा तो वैतागला होता. "आता डी होणारच आहे की!" डी होणार होता, पण सी आणि डी एकाच चकतीचे भाऊ. डिस्क जळाली तर दोघंही जातात. विंडोज बिघडण्यापासून डी वाचवतो, डिस्क मरण्यापासून नाही.

काम झाल्यावर त्याला चेव आला. "मामा, ई पण करू? गेमला. आणि एफ सिनेमाला." नको म्हटलं. शेतीला 1947चा तुकडेबंदीचा कायदा आहे, तो मी डिस्कलाही लावतो. पाच तुकडे केले की एकात जागा संपते, दुसऱ्यात पडून राहते. शिवाय विंडोजला घरच्या हत्यारानं तुकडा वाढवायचा तर लगेच उजवीकडचीच मोकळी जागा चालते, मध्ये दुसरा वाटेकरी बसला की हलता येत नाही. आत्ताच्या डीबद्दलही तेच. उद्या सी कमी पडला तर डी रिकामा करून काढावा लागेल. म्हणून सीला दोनशे सत्तर जीबीच्या वर ठेवले. विंडोज फुगत जातं, हे ज्यानं त्याची अपडेटं पाहिलीत त्याला सांगायला नको.

मग डीमध्ये 'कागद' नावाचं फोल्डर केलं आणि डॉक्युमेंट्सच्या प्रॉपर्टीजमधल्या 'लोकेशन' टॅबमधून त्याचा पत्ता तिकडे दिला. थेट डीच्या मुळाशी देऊ नका, नंतर तो परत फिरवताना डोकेदुखी होते. शेवटी नावाची चौकट राहिली होती. 'न्यू व्हॉल्यूम' खोडून भाच्यानं देवनागरीत 'मळा' टाइप केलं. एनटीएफएसला देवनागरी चालते, 32 अक्षरांपर्यंत.

पुढच्या आठवड्यात : बाहेरची डिस्क कोणती घ्यावी, आणि ती कपाटात ठेवून विसरू नये म्हणून काय करावं.