शनिवारी घाणा बंद, आणि केळीचं झाड नाही!

दालमिलच्या घरघरीत वाढलेल्या अकोलेकराला तुरीच्या डाळीबद्दल नवं काय सांगणार? तरी सांगतो. ज्यूंच्या घरी डाळ निवडणं हे धर्मकृत्य आहे! डाळ-तांदूळ मुळातच 'कोशेर', म्हणजे खायला चालणारे. पण त्यातला सोंडा पोटात गेला तर नियम मोडला. त्यामुळे ताटात डाळ पसरून दाणा-दाणा बघणारी बाई तिथे नुसती स्वयंपाकाची तयारी करत नसते. ती श्रद्धा पाळत असते.

आणि ही ताटं आपल्याच महाराष्ट्रात, मराठी बोलत निवडली गेली. बेने इस्राएल या इथल्या ज्यूंची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं आणि सात पुरुष, सात बायका तेवढ्या वाचल्या. ग्रंथ समुद्रात गेले. पुढे ही मंडळी कोकणात तेल गाळू लागली, गावांवरून आडनावं घेऊ लागली: किहीमचे किहीमकर, दिवे आगरचे दिवेकर, पेणचे पेणकर. हाती उरलं ते इतकंच: 'शमा' ही प्रार्थना, मुलाची आठव्या दिवशी सुंता, शनिवारचा विसावा आणि काय खावं, काय खाऊ नये याचे नियम. पोथी हरवली, पण स्वयंपाकघरानं धर्म सांभाळला. मला या साऱ्या गोष्टीत सर्वांत भिडतं ते हेच.

शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावानं त्यांना नाव दिलं 'शनवार तेली'. त्या दिवशी बैलालाही सुट्टी, कारण शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या, आज्ञेत माणसाबरोबर बैल आणि गाढवाच्या विश्रांतीचाही उल्लेख आहे. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू न ठेवणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. आपला पोळा वर्षातून एकदा, त्यांचा दर आठवड्याला!

हे लोक खरंच ज्यू आहेत का, हे ओळखलं कशावरून? मासळीवरून! परंपरेनं सांगितली जाणारी कथा अशी, की डेव्हिड रहाबी नावाच्या पाहुण्यानं कोकणातल्या बायकांपुढे वेगवेगळी मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. त्यांनी पर आणि खवले दोन्ही असलेले मासे तेवढे उचलले, बाकीचे बाजूला सारले. कोशेर माशाची खूण हीच.

जनावरांसाठी खूण वेगळी: खूर दुभंगलेला हवा आणि रवंथ करणारं हवं. म्हणजे शेळी चालते. डुक्कर रवंथ करत नाही म्हणून बाद. उंट रवंथ करतो, पण खूर नीट दुभंगलेला नाही म्हणून तोही बाद. या हिशेबात जिराफ मात्र बसतो! मधमाशी वर्ज्य, पण मध चालतो. मटण अर्धा तास पाण्यात, मग तासभर मिठात, मग तीनदा धुवून. कारण रक्त पोटात जाता कामा नये. मांस आणि दूध एका जेवणात नाही. मांसानंतर दुधासाठी किती थांबायचं, यावर मात्र जगभर एकमत नाही. पुष्कळ घरांत सहा तास, हॉलंडच्या ज्यूंकडे एकच तास. कोकणात मांस-दुधाचा हा प्रश्न नारळानं सोडवला. मटणाच्या रश्शात नारळाचं दूध आणि नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा, तोही नारळाच्या दुधातच.

सणांची मराठी नावं तर ऐकत राहावीत अशी. नवं वर्ष म्हणजे 'नव्याचा सण', योम किप्पूरचा कडक उपास म्हणजे 'दारफाळणीचा सण', कारण दारं लावून दिवसभर घरातच राहायचं. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकदिवशी मोड आलेल्या वालांचं बिरडं, म्हणून तो 'बिरड्याचा सण'. वल्हांडण, म्हणजे पासोव्हर, याचं जुनं नाव 'अनाशी ढाकाचा सण', म्हणजे आंबवणाचं मडकं झाकून ठेवण्याचा. आंबवलेलं खायचं नाही, ही आठवण एका मडक्याच्या झाकणानं जपली! शुक्रवारी संध्याकाळच्या प्रार्थनेला द्राक्षारस मिळेना, तर मनुका भिजवून केलेलं सरबत आलं.

आता कृतज्ञतेचा खरा हिशेब. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात सांगितलंय, की माणसानं रोज शंभर आशीर्वचनं म्हणावीत. घास तोंडात जाण्याआधी एक, जेवण झाल्यावर दुसरं, लांब. आपल्याकडे ताटाभोवती पाणी फिरवतात, श्लोक म्हणतात. तिथे प्रत्येक पदार्थाला त्याचं त्याचं आभाराचं वाक्य. झाडाच्या फळाला वेगळं, जमिनीतून उगवणाऱ्याला वेगळं, भाकरी-पोळीला वेगळं. मग वरुड-मोर्शीचं संत्रं खाताना झाडाचं वाक्य, आणि अकोटकडचं केळं सोलताना? जमिनीचं! केळीला लाकडी खोड नाही, आणि घड दिला की ती संपते. म्हणून धर्मशास्त्र तिला झाड मानत नाही. वनस्पतिशास्त्रही मानत नाही. आभार मानायचे तर कोणाचे, कशाबद्दल, हे आधी नीट पाहून घ्यायचं. केळं हातात घेऊन इतका विचार करणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

आणि सर्वांत गोड आभार म्हणजे मलिदा. आपल्याकडे मलिदा म्हटलं की कुस्करलेली पोळी, गूळ, तूप. बेने इस्राएलांचा मलिदा पोह्यांचा. नवस फेडायचा असो, लग्न असो, नवं घर असो, प्रेषित एलिया, म्हणजे त्यांचे 'एलियाहू हन्नाबी', यांचं नाव घेऊन हा मांडतात. अलिबागजवळच्या खंडाळा गावी एक खडक आहे. एलियांचा रथ तिथून स्वर्गात गेला, अशी श्रद्धा. लोक अजून तिथे जातात.

करायला सोपा आहे. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ नाहीतर साखर, वेलची, वरून काजू-बदाम-मनुका. भोवती निरनिराळी फळं. मग घरातली सगळी मंडळी ताटाभोवती बसतात, प्रार्थना होते, फळाफळावर आशीर्वचन म्हटलं जातं. तोवर लहान पोरंही ताटाला हात लावत नाहीत.