पाकिटाचा सील का सुटतो?

चिवड्याच्या पाकिटाची फिल्म एकसंध दिसली, तरी ती बहुधा थरांची असते. बाहेर छपाईचा पॉलिएस्टरचा थर, आत पॉलिथिनचा. हे पॉलिथिन साधारण 105 ते 125 अंश सेल्सिअसला वितळते, पॉलिएस्टर थेट 250च्या आसपास. या फरकावरच सीलिंगचे काम चालते. मशीनच्या तापलेल्या पट्ट्या बाहेरच्या थराला धक्का न लावता आतले दोन थर वितळवून एकजीव करतात.

उष्णता कमी पडली, तर हे थर नुसते चिकटतात; त्यांचे रेणू एकमेकांत गुंतत नाहीत. असा सील ओढताच अलगद सुटतो. उष्णता जास्त झाली, तर वितळलेले पॉलिथिन दाबाखाली बाजूला सरकते, सीलच्या कडेची फिल्म पातळ होते आणि पाकीट तिथेच फाटते. फिल्म आकसून सुरकुत्या पडल्या, तर त्यांतून दमट हवा शिरते आणि चिवडा सादळतो.

मशीनवर दिसणारा आकडा पट्टीच्या तापमानाचा असतो, आतल्या थराचा नव्हे. म्हणून मशीनचा वेग वाढवला, की उष्णता आत पोचायला वेळ कमी मिळतो आणि तापमानही थोडे चढवावे लागते. सीलच्या जागी तेल-मसाला लागला असेल, तर मात्र नुसते तापमान वाढवून भागत नाही. आधी भरण्याची पद्धत सुधारावी लागते.

तपासणी सोपी आहे: बंद पाकीट पाण्यात धरून हलके दाबावे. बुडबुडे आले, तर सील कच्चा.