मुलाचा न्यूमोनिया आणि आईची धास्ती

रत्नागिरीस आषाढ लागला कीं घरोघर ओलीचा वास सुटतो, वाळत घातलेले कपडे तीन तीन दिवस वाळत नाहींत आणि दवाखान्यांत खोकणाऱ्या मुलांची गर्दी होते. बहुतेकांस साधें पडसेंच असतें. पण एखाद्या आईला डॉक्टर सांगतात, "न्यूमोनिया आहे", आणि तिच्या पायांखालची वाळू सरकते. परवां मुलाला पावसांत भिजूं दिलें तेंच भोवलें, असें तिच्या मनानें घेतलेलें असतें. घरीं सासूबाईही तेंच म्हणतात.

ही धास्ती जुनी आहे. १९३८ सालीं 'एम. अँड बी. ६९३' हें सल्फा जातीचें औषध निघालें व पुढें पेनिसिलीन आलें. तोंपर्यंत फुफ्फुसदाह झालेल्या मुलाच्या उशाशीं बसून ज्वर उतरण्याची वाट पाहण्यावांचून आईबापांच्या हातीं फारसें कांहीं नव्हतें. औषध आलें, पण त्या शब्दाची दहशत आजीकडून नातीकडे तशीच चालत आली.

फुफ्फुसांत हवेच्या असंख्य बारीक पिशव्या असतात. जंतूंमुळें त्यांतल्या कांहीं सुजतात व द्रवानें भरतात. मग प्रत्येक श्वासागणिक प्राणवायु कमी मिळतो आणि मूल ती तूट भरून काढण्यासाठीं भराभर श्वास घेऊं लागतें. पावसांत भिजणें हें ह्याचें कारण नव्हे. पावसामुळें दारें लावून सारें कुटुंब एका खोलींत बसतें आणि एकाचा खोकला दुसऱ्यास लागतो, एवढा पावसाचा दोष खरा. आईनें स्वतःस अपराधी मानण्याचें कारण नाहीं.

श्वास भराभर चालतो ह्याच खुणेवर गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८८ सालीं एक मोठा प्रयोग आरंभिला. गांवच्या दाया व आरोग्यसेवक यांना त्यांनीं मुलांचे श्वास मोजावयास शिकविलें. मोठी मोजणी ज्यांना येत नसे त्यांच्यासाठीं मण्यांचें साधन केलें : दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा, आणि मिनिटाची वाळू संपण्याच्या आंत तांबडा मणी सरकला तर न्यूमोनिया समजून औषध द्यावयाचें. १९९० सालीं 'लॅन्सेट' साप्ताहिकांत त्याचा वृत्तांत आला. उपचार झालेल्या मुलांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा एकाहूनही कमी होतें. जेथें हा उपक्रम नव्हता तेथें तें शेंकडा तेराच्या वर होतें. अक्षरशत्रु दाईला जें साधलें तें शहरांतल्या शिकलेल्या आईला कां साधूं नये?

हें ऐकतांना ज्यांच्या मांडीवर मूल असेल त्यांनीं तें शांत निजलें असतां त्याचें पोट उघडें करून घड्याळ्याचें पुरें एक मिनिट श्वास मोजावे. दोन महिन्यांच्या आंतील बाळास साठ, वर्षाच्या आंतील मुलास पन्नास आणि एक ते पांच वर्षांच्या मुलास चाळीस. ह्या आंकड्यास श्वास पोंचले अगर त्यावर गेले तर डॉक्टरांस दाखवावें. दोन महिन्यांच्या आंतील बाळास तर रुग्णालयांतच न्यावें.

निदान झाल्यावर बहुधा अमॉक्सिसिलीन हें औषध घरींच देतां येतें. दोन-तीन दिवसांत ज्वर उतरतो, मूल खेळूं लागतें, आणि येथेंच चूक होते : उरलेलें औषध फडताळांत जातें. डॉक्टरांनीं सांगितलेले दिवस तें पुरें दिलेंच पाहिजे. तीन दिवसांत उतार न पडला तर पुन्हां दाखवावें. मात्र छाती आंत ओढली जाऊं लागली, ओंठ निळे पडले, मूल पिईनासें झालें, सारखें ओकूं लागलें, ग्लानींत गेलें अगर त्याला झटके आले, तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

पथ्याच्या नांवाखालीं उपाशी ठेवणें वाईट. अंगावरचें दूध चालूंच ठेवावें. मोठ्या मुलास पेज, मऊ भात, जें रुचेल तें थोडें थोडें द्यावें. शेगडी पेटवून कोंदट खोलींत ओव्याची धुरी देण्याची चाल तर मुळींच नको. सुजलेल्या फुफ्फुसाला धूर म्हणजे आगींत तेल. वडिलांची विडीही घराबाहेर राहिलेली बरी.

खोकला पुढें दोन-तीन आठवडे रेंगाळतो; तेवढ्यावरून रोग उलटला असें होत नाहीं. फुफ्फुस जन्मभर अधू राहील ही शंकाही बहुतेक आयांना छळते. एरव्हीं निरोगी असलेलें मूल वेळेवर औषध मिळाल्यास बहुधा पूर्ण बरें होतें. वारंवार न्यूमोनिया होऊं लागला तर मात्र त्याचें मूळ शोधलें पाहिजे.

घरांत तान्हें भावंड असेल तर त्याचें लसीकरणाचें कार्ड त्याच दिवशीं काढून पाहावें. न्यूमोकॉकस जंतूवरची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्यानें व २०२१ पासून देशभर सरकारी केंद्रांत मोफत मिळूं लागली. ती सहाव्या व चौदाव्या आठवड्यांत आणि पुन्हां नवव्या महिन्यांत देतात. ही तिसरी वेळच पुष्कळ घरांत विसरली जाते.