भाट्याची मर्यादवेल

रत्नागिरीहून पावसला निघालं की भाट्याच्या खाडीवरचा पूल ओलांडताच उजव्या हाताला लांबलचक पुळण दिसते. बहुतेक लोक इथे सूर्यास्ताला येतात. निसर्ग पाहायचा असेल तर मे महिन्यातली सकाळ निवडा. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या दोन-तीन दिवसांत सकाळी ओहोटी मिळते.

भरतीची रेघ संपते तिथेच मर्यादवेल सुरू होते. समुद्राची मर्यादा सांगणारी म्हणून हे नाव. पान आपट्यासारखं दुभंगलेलं, पण बोटांत धरलं की जाड, मांसल लागतं. त्यात पाणी साठवलेलं असतं. जांभळी, नरसाळ्यासारखी फुलं सकाळी उमलतात आणि दुपारनंतर मिटतात. देठाशी, पानाच्या बुडाला बघा, तिथे मुंग्या घुटमळताना दिसतील. त्या जागी मध पाझरणाऱ्या ग्रंथी असतात.

आता वेलीचा एक पेर अलगद उचला. खाली मुळं फुटलेली दिसतील. वाळूने गाडली तरी ती पुढच्या पेरातून पुन्हा वर येते, आणि येताना वाळू बांधून ठेवते. हिमालयात वृक्षरेषेच्या वर वाढणाऱ्या वनस्पतीही अशाच जमिनीला चिकटून असतात. तिथे गारठा, इथे खारं वारं आणि दुपारी पाऊल ठेववत नाही अशी वाळू. पण जमिनीलगत वारा मंदावतो, याचा फायदा दोघी घेतात. मर्यादवेलीच्या बिया तर समुद्राच्या पाण्यावर तरंगत दूरच्या किनाऱ्यांवर जाऊन रुजतात.

खाली ओल्या वाळूत ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसेल. नखाएवढे खेकडे वाळूतलं अन्न खाऊन उरलेल्या वाळूच्या गोळ्या टाकतात. दोन मिनिटं स्तब्ध बसलात तर ते बिळाबाहेर येतात. हा खेळ मला तासन्‌तास पाहावासा वाटतो.

मागे सुरूचं बन आहे. सावली छान, पण सुरू मूळचा कोकणातला नाही. त्याच्या गळलेल्या काड्यांच्या जाड थराखाली फारसं काही उगवत नाही. बनात शिरून एकदा पायाखाली बघा, मग बाहेर वेलीच्या जाळीत बघा. फरक लगेच कळेल. किनारा राखायला झाडं लावावीत हे खरं, पण आधी ही आपली वेल राखावी असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून एवढंच करा: गाडी रस्त्यावरच ठेवा, पुळणीवर घालू नका. आणि किनारा स्वच्छ करायला याल तेव्हा प्लॅस्टिक उचला, वेल उपटू नका.